चौकटीवर किलवर

तिला खरं नाव होतं आणि ते दर महिन्याला पगाराच्या पावतीवर छापून यायचं. पण त्याचा उपयोग तेवढाच. फलाटावर, डब्यात, साहेबांच्या खोलीत आणि पुढे पुढे घरातसुद्धा ती चौकटबाईच होती. नवरा रागात असला की ‘अहो चौकटबाई’ म्हणायचा आणि खुशीत असला की नुसतं ‘चौकट’. शेजारच्या मुलांना तर ते तिचं आडनावच वाटायचं.

या नावामागे फार मोठा इतिहास नाही. रेल्वेची तिकिटं जेव्हा जाड पुठ्ठ्याची होती, तेव्हा तपासलेल्या तिकिटाला भोक पाडायचा एक लोखंडी चिमटा असायचा. त्याला सगळे पंच म्हणत. प्रत्येक तपासनिसाच्या पंचचं भोक वेगळ्या आकाराचं, म्हणजे नंतर कचेरीत कुणी तिकीट हातात घेतलं की ते कुणी तपासलं हे न विचारता कळावं. त्या लहानशा मार्गावर चारच तपासनीस होते आणि कधी काळी पंच मागवणारा साहेब पत्त्यांचा शौकीन असावा. त्यानं चार पंच मागवले ते इस्पिक, बदाम, किलवर आणि चौकट. तेव्हापासून पंच ज्याच्या हातात, नाव त्याचं. माणसं निवृत्त व्हायची, नावं कामावर राहायची.

ती लागली तेव्हा त्या मार्गावरची पहिलीच बाई. साहेबांना वाटलं, हिला बदाम द्यावा, शोभेल. पण बदाम ज्याच्याकडे होता तो पोटाच्या दुखण्यानं कायम तोंड वाकडं करून फिरणारा गृहस्थ. त्यानं साफ सांगितलं, “वीस वर्षं वापरलाय, माझ्या हाताला बसलाय. मिळायचा नाही.” मग चौकट तिच्या वाट्याला आली. तिच्या आधी ती एका धिप्पाड, मिशीवाल्या माणसाकडे होती, त्यामुळे पंचच्या दांड्यांमधलं अंतर त्याच्या पंजाच्या मापाचं. पहिला महिनाभर तिला एक तिकीट दोन्ही हातांनी दाबावं लागे आणि डब्यातली माणसं कौतुकानं बघत बसत.

तिला काम शिकवलं ते किलवरमास्तरांनी. उंच, काटकुळा माणूस, कोटाचं वरचं बटण नेहमी लोंबकळत असलेलं. रेल्वेत येण्याआधी दोन वर्षं शाळेत शिकवत होते म्हणून मास्तर. शिकवण्याची खोड गेली नव्हती, फक्त वर्ग धावता झाला होता.

“तिकीट मागताना हात पुढे करायचा, बोट नाही,” ते सांगत. “आधी माणूस बघ, मग तिकीट. तिकीट कुठं पळून जात नाही. आणि झोपलेल्याला उठवायचं तर अंगाला हात लावायचा नाही. बाकाच्या फळीवर दोनदा टकटक कर. खरा झोपलेला दचकतो. खोटा झोपलेला आणखी गाढ झोपतो.”

हे तिनं नंतर हजार वेळा करून पाहिलं आणि एकदाही चुकलं नाही.

आता त्या शेऱ्याबद्दल सांगायला हवं, कारण सगळं तिथंच येऊन अडतं. खात्यात प्रत्येकाचं एक सेवापुस्तक असतं. कधी लागला, कधी रजा घेतली, पगार कधी वाढला, सगळं त्यात. आणि शेवटची चार पानं शेऱ्यांसाठी राखलेली. काही चूक झाली, साहेबानं लाल शाईनं एक ओळ लिहिली, की तो शेरा. खोडता येत नाही, फाडता येत नाही. ज्याची ती चार पानं कोरी राहतात त्याला निवृत्तीच्या दिवशी जाड कागदाचं एक प्रमाणपत्र मिळतं. कडेनं सोनेरी वेलबुट्टी आणि मधोमध मोठ्या अक्षरांत एकच शब्द: निष्कलंक.

चौकटबाईची तेहतीस वर्षं झाली होती, पानं कोरी होती आणि निवृत्तीला चार दिवस उरले होते. नवऱ्यानं बैठकीच्या भिंतीवर, दारातून आत येणाऱ्याच्या नेमका डोळ्यांसमोर येईल असा खिळा ठोकूनही ठेवला होता. खिळा जरा तिरका बसला होता आणि त्यावरून दोघांचं एकदा वाजलंही होतं.

तिला त्या कागदाची हाव होती, उगाच कशाला लपवा! आणि त्या हावेच्या तळाशी आणखी एक गोष्ट होती, जी तिनं नवऱ्यालाही सांगितली नव्हती. किलवरमास्तरांना तो कागद मिळाला नव्हता. छत्तीस वर्षं कोरं पुस्तक सांभाळलं आणि निवृत्तीच्या सात महिने आधी एक शेरा घेऊन बसले. ज्यानं शिकवलं त्याला जे जमलं नाही ते आपल्याला जमलं, हा विचार तिच्या मनात अधूनमधून येई आणि गोड लागे. माणूस कितीही चांगला असला तरी असल्या एखाद्या गोळीला नाही म्हणत नाही.

मास्तरांचा तो शेरा तिला चांगला आठवत होता. संध्याकाळच्या गाडीला शेवटच्या स्टेशनावर तिकिटं गोळा करायला वेगळा माणूस नसे, तपासनीसच ती घेऊन गठ्ठा बांधून कचेरीत देई. मास्तरांच्या एका गठ्ठ्यात एक तिकीट कमी भरलं. पुस्तकात लाल ओळ आली: ‘परतीचे एक तिकीट जमा नाही. निष्काळजीपणा.’ बातमी फुटली तेव्हा चौघंजण चहा घेत होते. इस्पिक हसला, बदामाच्यासुद्धा वाकड्या तोंडावर हसू आलं. आणि तिनं, नोकरीला जेमतेम महिना-दीड महिना झालेल्या पोरीनं, सगळ्यांत मोठ्यानं हसून म्हटलं, “काय हे मास्तर! छत्तीस वर्षं सांभाळलंत आणि शेवटी एका तिकिटानं घात केला?”

मास्तरही हसले होते. चहा अंगावर सांडेपर्यंत हसले होते.

तिची स्वतःची एक चूक त्याच सुमारास झाली होती. नोकरीचा एकोणिसावा दिवस. तेव्हा जाऊन-येऊन तिकिटाचा एकच लांबट पुठ्ठा असे, मधे घडीची रेघ. उजवा भाग जाण्याचा, डावा परतीचा, आणि परतीच्या भागावर निळी पट्टी. सकाळच्या गाडीत जाण्याच्या भागाला भोक पाडायचं, संध्याकाळी परतीच्या. इतकं सोपं. पण त्या दिवशी डबा गच्च भरलेला, गाडी वळणावर, आणि शिवलेल्या पडद्यांचं मोठं गाठोडं मांडीवर घेतलेल्या एका बाईनं गाठोड्यावरून हात लांबवून तिकीट उलटं पुढे केलं. तिनं दोन्ही हातांनी दाबलं. खट्. तिकीट परत दिलं, पुढच्या बाकाकडे वळली. पडदेवाली पुढच्या स्टेशनावर उतरून गेली, गाडी सुटली, आणि मग एकदम तिच्या डोळ्यांपुढे आली ती निळी पट्टी. निळ्या पट्टीच्या मधोमध चौकट.

म्हणजे तिनं त्या बाईची घरी जायची वाटच बंद करून टाकली होती. संध्याकाळी ती बाई परतीला बसणार, तपासनीस तिकीट बघणार, तिकीट आधीच वापरलेलं. वापरलेलं तिकीट पुन्हा दाखवणं म्हणजे फसवणूक. नाव लिहून घेतलं जाणार. नाहीतर मग चौकट कुणाची ते ओळखून चूक हिच्या नावावर लागणार. आणि पहिल्या सहा महिन्यांत एक शेरा पडला की हातात नारळ. घरी नवरा पाय प्लास्टरमध्ये घालून पडलेला, मुलगी आठ महिन्यांची. संध्याकाळपर्यंत ती प्रत्येक तिकीट दोनदा उलटून बघत राहिली.

संध्याकाळच्या गाडीवर किलवरमास्तर होते. त्यांना सांगावं, असं तिच्या दहादा मनात आलं आणि दहादा ती फलाटावरून परत फिरली. दुसऱ्या दिवशी मास्तर भेटले, कोटाचं बटण लोंबत होतं, “काय गं, पंच जड जातोय का अजून?” एवढंच म्हणाले. आठवडा गेला, महिना गेला, बोलावणं आलं नाही. पडदेवाली बसनं गेली असेल, असं तिनं ठरवून टाकलं. वाचले, असं म्हणून तिनं तो विषय मनातल्या मनात बंद केला. महिन्याभरानं मास्तरांच्या शेऱ्यावर हसताना त्याची तिला आठवणही नव्हती.

मग वर्षं कशी गेली ती गेली. नोकरी टिकली म्हणून घर टिकलं. नवऱ्याचा पाय बरा झाला, तो पुन्हा शाळेच्या प्रयोगशाळेत कामाला जाऊ लागला, मुलगी शिकली, दात दुरुस्त करणारी डॉक्टरीण झाली आणि आता आईला ‘जास्त गोड खाऊ नकोस’ म्हणून फोनवर दम देते. चौकटबाई कधी कधी रिकाम्या डब्यातून जाताना बाकांवरून हात फिरवी आणि मनात म्हणे, बाबांनो, तुम्ही फार दिलंत.

पुठ्ठ्याची तिकिटं गेली, त्यांच्या जागी कागदाची आली. पातळ, लांबलचक, जांभळ्या शाईची. उन्हात ठेवली की महिन्यात कोरी व्हायची. त्यांना पंच केला तर भोक पडायच्या ऐवजी कागदच फाटे, म्हणून पेनानं रेघ मारायची. मग लोक फोनवरचा निरोप दाखवू लागले. मग फोनवर चौकोनी ठिपक्यांची रांगोळी दाखवू लागले, आणि ती वाचायला खात्यानं साबणाच्या वडीएवढं मशीन दिलं. हिरवा दिवा लागला की जा, लाल लागला की थांब.

बहाणेही बदलले. पूर्वीचा फुकट्या संडासात लपायचा किंवा झोपायचा. आताचा ‘बॅटरी गेली’ म्हणतो. पूर्वी ‘तिकीट बायकोकडे आहे, ती पुढच्या डब्यात आहे’ असं सांगणारा एक तरी रोज भेटे. आता नेटवर्क पुढच्या डब्यात असतं. पण मशीनला नावं ठेवणाऱ्यांत चौकटबाई नव्हती. पंचनं उजव्या अंगठ्याला पडलेला घट्टा मशीन आल्यावर दोन वर्षांत गेला. शिवाय, “मी कोण आहे माहीत आहे का?” असं म्हणणाऱ्या बड्या माणसांशी हुज्जत घालायचं काम मशीननं अंगावर घेतलं. ते कुणालाच ओळखत नाही, त्यामुळे कुणाला घाबरतही नाही. फक्त एक झालं. पूर्वी तिकीट घेताना माणसाच्या हाताकडे आणि हातावरून चेहऱ्याकडे नजर जायची. आता माना दोन्हीकडच्या खाली. वीस वर्षं रोज भेटणाऱ्या माणसाचं टक्कल पडलं हे तिला एकदम एके दिवशी कळलं.

पंच मात्र तिच्या खिशात होता. वापर संपला तरी तो परत मागायचा हुकूम निघायला खात्याला बारा वर्षं लागली. निघाला तो नेमका तिच्या शेवटच्या आठवड्यात: सर्व जुने पंच भांडारात जमा करावेत.

त्याप्रमाणे निवृत्तीला चार दिवस असताना, दुपारी, ती स्टोअरमध्ये गेली. स्टोअरवाला हा चष्म्याच्या वरून बघणारा, हळू बोलणारा माणूस. त्यानं एक खण ओढला.

“या. तुमचीच वाट होती. इस्पिक, बदाम केव्हाचे येऊन पडलेत, आणि मास्तरांच्या जागी पुन्हा कुणी आलंच नाही म्हणून किलवर तर त्यांच्या निवृत्तीपासून इथंच. आता डाव पुरा झाला.”

तिनं आपला पंच टेबलावर ठेवला. सही केली. आणि मग उगाचच म्हणाली, “मास्तरांचा बघू जरा?”

किलवरचा पंच चौघांत मोठा. चामड्याचं पाकीट कडक होऊन गेलं होतं. तिनं झाकण उघडून पंच ओढला तर तो अर्ध्यावर अडकला. मागे काहीतरी होतं. तिनं बोट घालून ते बाहेर काढलं. अर्ध्या तिकिटाचा पुठ्ठा. निळी पट्टी. परतीचा भाग.

तारीख बघून तिच्या आधी काही लक्षात आलं नाही. मग आलं. एकोणिसावा दिवस कुणी विसरत नाही.

पट्टीच्या मधोमध किलवरचं भोक होतं, स्वच्छ, संध्याकाळच्या गाडीचं, नियमाप्रमाणे. पण वरच्या पानाच्या कडेला एक बारीक टोक बाहेर आलेलं होतं. किलवरची तिन्ही पानं गोल. गोल पानाला टोक कुठून येणार? तिनं टेबलावरचा आपला पंच उचलला आणि त्याचा दाता त्या टोकाला लावून बघितला. अगदी नेमका बसला.

मास्तरांनी चौकटीवर किलवर मारला होता. चौकट लहान, किलवर मोठा. लहान भोक मोठ्या भोकात गिळून टाकलं होतं. पडदेवाली घरी गेली होती. पण गाडीच्या धक्क्यानं एवढंसं टोक राहून गेलं, आणि कचेरीत भिंग घेऊन बसणाऱ्याला तेवढं पुरलं असतं. म्हणून मास्तरांनी ते तिकीट गठ्ठ्यात बांधलंच नाही. एक तिकीट कमी भरलं. परतीचे एक तिकीट जमा नाही. निष्काळजीपणा.

आणि ती हसली होती. सगळ्यांत मोठ्यानं.

“काय झालं? पाणी देऊ?” स्टोअरवाला म्हणाला. ती खाली स्टुलावर बसली होती हे तिला तेव्हा कळलं.

“हा तुकडा मी नेऊ?”

त्यानं यादी पुढे ओढली, बोट फिरवलं. “यादीत पंच आहे, पाकीट आहे. तुकडा नाही. जे यादीत नाही ते इथं नाहीच. न्या.”

पुढचा दिवस तिनं कसाबसा काढला. घरात त्या खिळ्याकडे बघवेना. तेहतीस वर्षं आपलं म्हणून मिरवलेलं कोरं पुस्तक मुळात दुसऱ्याच्या पुस्तकातल्या डागावर उभं होतं. आधी लाज वाटली. पण लाजेच्या खालून दुसरंच काही वर येत राहिलं. कुणीतरी एका शब्दानं न सांगता आपल्याला एवढं मोठं काही दिलं आणि आपण ते रोज वापरलं, जेवलो, मुलगी वाढवली, हे कळल्यावर माणसाला एकाच वेळी लहान आणि श्रीमंत वाटतं. तसं काहीसं.

त्यानंतरच्या दिवशी तिची संध्याकाळची गाडी होती. ऊन तिरपं येत होतं, डबा अर्धा रिकामा. खिडकीशी एक म्हातारे गृहस्थ बसले होते, नवाकोरा चष्मा घातलेले, आणि बाहेरच्या प्रत्येक पाटीचं नाव पुटपुटत वाचत होते. त्यांनी फोन पुढे केला. मशीन कर्कश वाजलं. लाल.

“काका, हे परतीचं तिकीट वापरलेलं दाखवतंय. सकाळी आठ चाळीसला.”

“सकाळी? सकाळी तर मी जात होतो.” त्यांनी फोन जवळ घेतला, लांब धरला, पुन्हा जवळ घेतला. मग त्यांचा चेहरा उतरला. “अरेरे! दोन बटणं होती हो. एक जाण्याचं, एक परतीचं. तेव्हा चष्मा नव्हता. तोच आणायला निघालो होतो. आता स्वच्छ दिसतंय मी काय गाढवपणा केला ते.”

शेजारचा माणूस हसला. गृहस्थांना हसू आलं नाही. “जो काही दंड असेल तो घ्या. पैसे आहेत माझ्याजवळ. पण चिठ्ठीवर काय लिहिणार?”

चिठ्ठीवर लिहायचं तिच्या हातात नव्हतं. वापरलेल्या तिकिटाला मशीनमध्ये एकच शब्द होता, छापलेला. तिनं तो सांगितला. “फसवणूक.”

“बाई,” ते हलक्या आवाजात म्हणाले, “चाळीस वर्षं औषधाच्या कारखान्यात बाटल्यांना लेबलं लावली. एक बाटली चुकली नाही. तेवढा तो शब्द नका लावू.”

मशीनमध्ये दुसरं एक बटण होतं: ‘तपासनिसाच्या जबाबदारीवर सोडले.’ पूर्वी ते सर्रास दाबत. पण काहींनी मित्र, मेहुणे, साडू असे सगळेच त्या बटणावर फिरवले, तेव्हा खात्यानं पत्रक काढलं: पुराव्याशिवाय हे बटण दाबलं की आपोआप सेवापुस्तकात शेरा. त्यात तक्रार नाही, दाद नाही. म्हणजे शेरा पडणार हे ठरलेलंच होतं; कुणाच्या नावावर, तेवढंच बाकी होतं.

उगाच तिला मोठं कशाला करा! ती चटकन दाबून मोकळी झाली नाही. निवृत्तीला दोन दिवस. डोळ्यांपुढे तिरका खिळा आला, सोनेरी वेलबुट्टी आली. गाडी एका स्टेशनावर थांबली, चार माणसं चढली, गाडी सुटली, तरी ती मशीन हातात धरून उभीच होती. मग तिनं मास्तरांनी शिकवलेलं केलं. मान वर करून आधी माणूस बघितला. नव्या चष्म्यामागे त्यांचे डोळे मोठे दिसत होते आणि ते तिच्याकडे बघत नव्हते, खाली स्वतःच्या अंगठ्याकडे बघत होते, ज्यानं सकाळी चुकीचं बटण दाबलं त्या.

तिनं दुसरं बटण दाबलं. मशीननं विचारलं, खात्री आहे? हो. मशीननं विचारलं, कारण? तिनं एकेक अक्षर शोधून लिहिलं: चष्मा नव्हता.

दिवा हिरवा झाला.

“जा काका. आणि पुढच्या वेळी आधी चष्मा, मग बटण.”

“पण दंड?”

“नाही दंड. आरामात बसा. पाट्या वाचा.”

ते काही तरी म्हणणार होते, पण ती पुढच्या बाकाकडे गेली होती. खूप वर्षांनी तिला पंच हातात असल्यासारखं वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी बोलावलं. साहेब तिच्या मुलीच्या वयाचा, चांगला मुलगा. त्यालाच जास्त वाईट वाटत होतं.

“बाई, दोन दिवस राहिले होते हो. आणि हे कारण काय? चष्मा नव्हता. कुणाला नव्हता? तुम्हाला?”

तिनं क्षणभर विचार केला. म्हाताऱ्याचं नाव कागदावर आणून उगाच चौकशी कशाला लावायची! “असंच समजा,” ती म्हणाली.

साहेबानं सुस्कारा टाकला आणि लिहिलं. निष्काळजीपणा. शब्द तोच, शाई तीच. एवढ्या वर्षांत खात्यानं तिकिटं बदलली, पंच जमा केले, मशीनं आणली, पण तो शब्द काही बदलला नाही.

निरोपाच्या दिवशी तिला साधं प्रमाणपत्र मिळालं, वेलबुट्टी नसलेलं. घरी नवऱ्यानं ते उलटसुलट करून बघितलं, सगळी हकिगत ऐकली. मग उठून आपली छत्री त्या खिळ्याला अडकवली.

“खिळा तसाही तिरकाच होता,” तो म्हणाला. “उद्या जाऊन ये मास्तरांकडे.”

मास्तरांनी सत्त्याण्णव वर्षांचं व्हायचं ठरवलंच होतं म्हणे. सध्या एक्याण्णव होते. मुलीकडे राहत, सायकलच्या दुकानामागच्या खोलीत. चौकटबाई गेली तेव्हा पलंगावर बसून धुतलेल्या पायमोज्यांच्या जोड्या लावत होते. तिला बघून त्यांनी हात पुढे केला, बोट नाही, हात. “तिकीट?”

तिनं पर्समधून तो तुकडा काढून त्यांच्या तळहातावर ठेवला.

मास्तरांनी तो खिडकीच्या उजेडात धरला. अंगठा भोकावरून फिरवला, टोकाशी थांबवला. “टोक राहिलं.”

“राहिलं.”

“गाडी वळणावर होती गं. नाहीतर माझा हात असा चुकायचा नाही. बायकोनं म्हटलंही होतं, जाळून टाका. पण तिकीट जाळायला हात होईना. आणि मग ठेवलं कुठं तेच विसरलो.”

“मास्तर, तुमच्यामुळे माझी नोकरी राहिली. घर राहिलं. मुलगी शिकली ती तुमच्यामुळे. मला माहीतच नव्हतं.” तिला एवढंच बोलता आलं, मग रडू आलं. “आणि मी हसले होते. सगळ्यांच्या देखत.”

“हसलीस की! चांगली खदाखदा हसलीस.” मास्तरांनी एक पायमोजा झटकला. “अगं, महिनाभर मला धास्ती होती, हिला कळतंय की काय. कळलं असतं तर तू सरळ साहेबांकडे जाऊन सगळं ओकली असतीस. तू तशीच होतीस. म्हणजे तुझीही नोकरी गेली असती, आणि माझं तिकीटही फुकट. त्या दिवशी चहाला तू हसलीस आणि माझा जीव भांड्यात पडला. म्हटलं, झालं. पोरीला काही पत्ता नाही.”

ती डोळे पुसत बघत राहिली. जे आठवून गेले चार-पाच दिवस तिचे कान तापत होते, ते हसणं त्यांनी इतकी वर्षं सुखानं जपून ठेवलं होतं.

मास्तरांच्या मुलीनं चहा आणून ठेवला. मास्तरांनी कप उचलला आणि एकदम आठवल्यासारखं विचारलं, “ते जाऊ दे. तुझं पुस्तक कोरं ना? मिळाला ना तो सोनेरी कागद? तेवढं बरं वाटेल मला.”

सांगावं का, असं तिच्या मनात आलं. चष्मेवाले काका, हिरवा दिवा, सगळं. पण सांगितलं की मास्तर म्हणणार, माझ्या तिकिटापायी तू कागद घालवलास. आणि मग या म्हाताऱ्या जिवाला रुखरुख लागून राहणार.

“कुठलं काय मास्तर! एक शेरा पडला. परवाच.”

“परवा? कशाबद्दल?”

“निष्काळजीपणा.”

मास्तरांनी तिच्याकडे बघितलं. मग त्यांचे खांदे हलायला लागले. “तेहतीस वर्षं सांभाळलंस,” ते म्हणाले, “आणि शेवटच्या दोन दिवसांनी घात केला?” आणि ते असे हसले की चहा बशीत सांडला, बशीतून पायमोज्यांवर सांडला, आणि मुलगी आतून धावत आली.

त्यांना काही पत्ता नव्हता. चौकटबाईचा जीव भांड्यात पडला, आणि तीही हसू लागली.